ग्रेटेस्ट हिट्सवर मूळ सिंगल की रिमिक्स? मॅडोनाच्या निमित्ताने सविस्तर

प्रश्न थोडक्यात असा आहे: मॅडोना ऐकत लहानाचे मोठे झालो, आता तिचा 'द इमॅक्युलेट कलेक्शन' हा ग्रेटेस्ट हिट्सचा संग्रह लावला तर काही गाणी जशीच्या तशी वाटतात आणि काहींत काहीतरी वेगळं वाजतंय असं वाटतं, तर मूळ सिंगल (म्हणजे एकेक गाणं स्वतंत्र तबकडी म्हणून निघालं ते) कुठे मिळतील, आणि कंपन्या ग्रेटेस्ट हिट्सवर मूळ सोडून रिमिक्स का घालतात. मी मास्टरिंगचं, म्हणजे तयार गाण्याचा आवाज छापण्याआधी शेवटचा नीट करण्याचं काम करते, त्यातही जुन्या गाण्यांची संकलनं तयार करण्यात बरीच वर्षं गेली आहेत, त्यामुळे उत्तर लांबणार आहे, पण विषयच तसा आहे.

आधी एक सांगते, तुमचे कान अगदी बरोबर आहेत. 'द इमॅक्युलेट कलेक्शन' नोव्हेंबर १९९० मध्ये आला, १७ गाणी, त्यातली १५ जुनी आणि 'जस्टिफाय माय लव्ह' व 'रेस्क्यू मी' ही दोन नवी. लोक त्याला मॅडोनाचे सगळे सिंगल्स एका जागी असं समजून घेतात, अमेरिकेत त्याला डायमंड सर्टिफिकेट आहे म्हणजे एक कोटीच्या वर गेलाय, आणि एका अख्ख्या पिढीने ही गाणी फक्त याच अल्बमवर ऐकली आहेत. पण जुन्या गाण्यांपैकी जवळपास एकही तिथे जसंच्या तसं नाही. रिमिक्सर शेप पेटिबोन आणि त्याच्याबरोबरच्या इंजिनिअर्सनी मल्टिट्रॅक टेप (ज्यावर प्रत्येक वाद्य आणि आवाज वेगवेगळा असतो) परत काढून सगळी गाणी क्यूसाउंड नावाच्या तंत्रात नव्याने मिक्स केली. हे काही लपवलेलं नव्हतं, क्यूसाउंडचं नाव तर मिरवूनच छापलेलं होतं, पण दुकानात सीडी उचलणाऱ्याला त्यावरून 'ही मूळ सिंगल्स नाहीत' हे कसं कळणार?

क्यूसाउंड हे कॅनडातल्या कॅल्गरीच्या कंपनीचं तंत्र. कल्पना अशी की स्पीकर दोनच ठेवायचे पण एखादा आवाज डाव्या स्पीकरच्याही बाहेरून, पार बाजूने आल्यासारखा वाटायला हवा. त्यासाठी त्या आवाजाच्या वेगवेगळ्या फ्रिक्वेन्सींना दोन चॅनेलमध्ये थोडा वेळेचा, थोडा पातळीचा, थोडा फेजचा (ध्वनिलहरींच्या चढउताराच्या जुळणीचा) फरक देतात आणि कान फसतो. दोन्ही स्पीकरच्या बरोबर मध्ये बसून ऐकलंत तर खरंच मजा येते, टाळ्या आणि शेकर कानाच्या बाजूला येतात. पण खुर्ची दोन फूट सरकवली की ती जागा जाते, हेडफोनवर तर हे काम ठरल्यासारखं होतच नाही कारण सगळा हिशोब समोरच्या दोन स्पीकरचा आहे. आणि आज घराघरांत जो एकटा ब्लूटूथ स्पीकर असतो त्यात डावं-उजवं एकत्र होऊन मोनो झालं की असे फेजचे खेळ केलेले आवाज पातळ, पोकळ होऊ शकतात. तुम्हाला ते 'काहीतरी वेगळं' स्वयंपाकघरातल्या स्पीकरवर जास्त जाणवलं असेल तर कारण हे असू शकतं.

दुसरी गोष्ट लांबीची. सीडीवर तेव्हा साधारण ७४ मिनिटं मावायची आणि हा अल्बम ७३ मिनिटांच्या वर जातो, म्हणजे काठोकाठ भरलाय. मग कात्री आली. 'हॉलिडे' १९८३ च्या पहिल्या अल्बमवर सहा मिनिटांच्या वर आहे, इथे चारच्या आसपास. 'बॉर्डरलाइन' पाचावरून चारवर. 'चेरिश' पाच मिनिटांचं, इथे चारच्या आत संपतं. आता यातली काही छाटणी मूळ सिंगलवरही होतीच, त्यामुळे नुसती लांबी कमी आहे म्हणून नाक मुरडण्यात अर्थ नाही, पण 'लाइक अ प्रेयर' आणि 'इनटू द ग्रूव्ह' या दोघांचं तसं नाही. तिथे ताल आणि मागची वाद्यं यांची मांडणीच बदललीय, ती खऱ्या अर्थाने वेगळी व्हर्जन्स आहेत.

इथे चार शब्द नीट वेगळे करून घेऊ, कारण सगळे जण सगळ्याला 'रिमिक्स' म्हणतात आणि मग भांडणं होतात. एडिट म्हणजे तयार गाणं घेऊन त्यातले तुकडे कापले. रिमास्टर म्हणजे तयार स्टिरिओ टेपचा टोन, आवाजाची पातळी वगैरे बदलली. रिमिक्स म्हणजे मल्टिट्रॅकवर परत जाऊन ड्रम, बेस, आवाज सगळं नव्याने एकमेकांत बसवलं, कधी त्यात नवीन काही घातलंही. आणि री-रेकॉर्डिंग म्हणजे गायला-वाजवायलाच परत बसले. भात, वरण, भाजी पातेल्यांत वेगवेगळं असताना ताट वाढणं हे मिक्स, वाढलेल्या ताटाचा फोटो उजळ करणं हे रिमास्टर, यापेक्षा सोपं मला सांगता येत नाही. 'रिमास्टर्ड' असं लिहिलेल्या गाण्यात सहसा घाबरण्यासारखं नसतं, फार तर कर्कश केलेलं असेल, पण स्नेअर ड्रमचा आवाजच बदललाय असं वाटलं तर ते रिमास्टर नाही.

आता 'मूळ' म्हणजे नक्की कुठलं, हाही प्रश्न वाटतो तितका सरळ नाही. 'एक्स्प्रेस युवरसेल्फ' घ्या. १९८९ च्या 'लाइक अ प्रेयर' अल्बमवर स्टीफन ब्रेबरोबर केलेलं व्हर्जन आहे, पण सिंगल म्हणून आणि डेव्हिड फिंचरने केलेल्या व्हिडिओत जे वाजलं ते शेप पेटिबोनचं रिमिक्स. म्हणजे टीव्हीवर बघून गाणं पाठ झालेल्याला अल्बमवरचं 'मूळ' ऐकवलं तर तो म्हणणार हे नाही ते! आणि त्याचं बरोबर आहे. पेट शॉप बॉइजचं 'वेस्ट एंड गर्ल्स' आधी १९८४ ला बॉबी ऑर्लँडोने केलेलं आलं होतं, मग स्टीफन हेगबरोबर परत केलं आणि ते १९८६ च्या जानेवारीत ब्रिटनमध्ये एक नंबरला गेलं. कालक्रमाने मूळ पहिलं, पण हिट दुसरं. ग्रेटेस्ट हिट्सवर दुसरंच हवं, यात कोणाचं दुमत नसावं. एव्हरीथिंग बट द गर्लचं 'मिसिंग' १९९४ च्या अल्बमवर शांत, जवळजवळ अकूस्टिक आहे, पण जगाने ऐकलं ते डीजे टॉड टेरीचं रिमिक्स, अमेरिकेत दुसऱ्या नंबरपर्यंत गेलेलं. तिथे रिमिक्स काढून 'मूळ' घातलं तर तो खरेदीदारावर अन्याय होईल.

म्हणून माझं म्हणणं असं आहे की त्या काळात लोकांनी जे ऐकलं, जे रेडिओवर वाजलं, ज्या तबकडीने गाणं हिट झालं, ते ग्रेटेस्ट हिट्सवर पाहिजे. मग ते अल्बमचं असो, सिंगल एडिट असो की रिमिक्स. हिट्स म्हणून विकताय ना, मग हिट झालेलीच द्या. रिमिक्सशी माझं वाकडं नाही, पेटिबोनचं काम तर मला मनापासून आवडतं, 'व्होग' मुळात त्याच्याच हातचं आहे. माझा राग बदलीवर आहे, म्हणजे नाव तेच, जागा तीच, आणि आतलं गाणं गुपचूप दुसरं.

याचं सगळ्यात दुखरं उदाहरण माझ्या दृष्टीने द पोलिस हा बँड. १९८६ ला त्यांचा सिंगल्सचा संग्रह आला तेव्हा बँड परत स्टुडिओत जमला होता, जुनी गाणी नव्याने करायचा बेत होता, पण ड्रमर स्टुअर्ट कोपलँड घोड्यावरून पडून त्याचं कॉलरबोन मोडलं, मग मशीनच्या ड्रमवर काम झालं, आणि त्यातून 'डोन्ट स्टँड सो क्लोज टू मी' ची एक संथ नवी आवृत्ती तयार झाली. संग्रहात तीच घातली आणि १९८० चं मूळ, जे ब्रिटनमध्ये एक नंबर होतं, ते वगळलं! मूळ गाण्यात विद्यार्थिनीच्या ओढीत अडकलेल्या मास्तराची जी घुसमट आहे ती सगळी कोपलँडच्या ताणलेल्या हाय-हॅटमध्ये (ड्रमसेटमधल्या झांजांच्या जोडीत) आहे, तो काढला की उरतं ते एक गुळगुळीत गाणं. १९९५ च्या सुधारित संग्रहात मूळ परत आलं ही चांगली गोष्ट, पण मधल्या नऊ वर्षांत ज्यांनी तो संग्रह घेतला त्यांच्या डोक्यात तेच बसलं.

न्यू ऑर्डर या बँडचंही तसंच. १९८७ चा 'सब्स्टन्स' हा बारा इंची (म्हणजे लांब व्हर्जनच्या) सिंगल्सचा संग्रह म्हणून गाजतो आणि गाजायलाच हवा, पण त्यात 'टेम्प्टेशन' आणि 'कन्फ्युजन' परत रेकॉर्ड केलेली आहेत. 'टेम्प्टेशन'चं नवं इतकं चांगलं झालंय की मी त्याला माफ करते. १९९४ च्या 'बेस्ट ऑफ'ला नाही करत. तिथे १९८३ च्या 'ब्लू मंडे' ऐवजी १९८८ चं व्हर्जन आहे, 'ट्रू फेथ' ९४ चं, 'बिझार लव्ह ट्रायँगल' ९४ चं. निदान नावापुढे वर्ष छापलंय, तेवढा प्रामाणिकपणा आहे.

कंपन्या असं का करतात? पहिलं कारण धंद्याचं, ज्याच्याकडे सगळे अल्बम आहेत त्याने हिट्स परत का विकत घ्यावेत, म्हणून काहीतरी नवीन हवं. दुसरं, नवीन तंत्र आलं की ते दाखवायला ओळखीची गाणी लागतात, १९९० ला क्यूसाउंड होतं, आज डॉल्बी अ‍ॅटमॉस (चारही बाजूंनी आवाज येतो असं भासवणारं तंत्र) आहे. तिसरं कलाकाराचं, जुनं मिक्स ऐकून त्यांना लाज वाटते, ड्रम बारीक वाटतात, 'आता आपण हे चांगलं करू शकतो' असं वाटतं. चौथं हक्कांचं, गाणं दुसऱ्या लेबलकडे असलं की गुंतागुंत वाढते, 'क्रेझी फॉर यू' मुळात १९८५ च्या 'व्हिजन क्वेस्ट' सिनेमाच्या साउंडट्रॅकवर आलं होतं आणि तो गेफन या दुसऱ्या लेबलने काढला होता.

आणि पाचवं कारण जे बाहेर कोणी बोलत नाही ते म्हणजे टेप सापडत नाही किंवा शोधायचा कंटाळा. अल्बमची मास्टर टेप कपाटात नीट लेबल लावून असते, सिंगल एडिटची टेप ही कोणीतरी एका दुपारी कापून कारखान्यात पाठवलेली असते आणि परत येत नाही. एका संकलनाच्या वेळी मला कंपनीकडून फाइल्स आल्या त्यात एका गाण्याचं रेडिओला गेलेलं एडिट नव्हतंच, लांब व्हर्जन होतं, आणि निरोप असा की आहे ते वापरा, कोणाला कळतंय. मला कळत होतं. मग त्या गाण्याची ४५ ची (मिनिटाला ४५ फेऱ्यांची, सिंगलची) जुनी तबकडी मिळवली, ती ऐकत ऐकत लांब मास्टरवर तेच कट परत केले. हे काम वाचायला सोपं वाटतं पण तबकडीवर कट नेमका किकच्या (पायाने वाजवायच्या ड्रमच्या ठोक्याच्या) आधी आहे की किकवर हे ठरवायलाच वेळ जातो. आदल्या ओळीच्या रिव्हर्बची (आवाजामागे रेंगाळणाऱ्या घुमाऱ्याची) शेपटी कटच्या पलीकडे येते का बघायचं, येत नसेल तर टेप ब्लेडने कापलेली आहे, येत असेल तर कट मिक्सच्या वेळीच झालाय आणि मग लांब मास्टरवरून तो हुबेहूब होणारच नाही. शिवाय फेडआउट. जुना फेड हाताने खेचलेला असतो, सुरुवातीला हळू आणि शेवटी पटकन, कॉम्प्युटरचा सरळ फेड लावला की गाणं भलत्याच ठिकाणी संपल्यासारखं वाटतं.

कधी कधी तर मूळ टेप कायमचीच गेलेली असते. बीटल्सचं 'लव्ह मी डू' ५ ऑक्टोबर १९६२ ला आलं त्या पहिल्या सिंगलवर ड्रमवर बँडचा स्वतःचा ड्रमर रिंगो आहे. एक आठवड्याने परत रेकॉर्ड केलं तेव्हा ड्रमवर सेशनवाला (स्टुडिओने पैसे देऊन बोलावलेला वादक) अँडी व्हाइट बसला आणि रिंगोच्या हातात टँबोरिन दिली, पहिल्या अल्बमवर ते घेतलं, आणि पुढे सिंगलवरही तेच यायला लागलं. ओळखायची खूण सोपी आहे, टँबोरिन वाजतेय तर ते अँडी व्हाइटवालं. रिंगोवाल्याची मास्टर टेप उरलीच नाही, 'पास्ट मास्टर्स'वर जे ऐकू येतं ते जुन्या तबकडीवरून उतरवलेलं आहे. आणि २००० चा '१' हा प्रचंड खपलेला संग्रह, त्यावर अँडी व्हाइटवालं आहे. त्याच '१' ची २०१५ ची आवृत्ती जाइल्स मार्टिन आणि सॅम ओकेल यांनी नव्याने मिक्स केली, म्हणजे मुखपृष्ठ ओळखीचं, नाव तेच, आत वेगळी मिक्सेस. तिथे निदान ते ठळक सांगितलं होतं, आणि कामही फार जपून केलंय, पण सेकंडहँड घेताना वर्ष बघाच.

आपल्याकडे हे सगळं झंकार बीट्समुळे आधीच भोगून झालंय. जुन्या हिंदी गाण्याच्या तयार टेपवर वरून इलेक्ट्रॉनिक ढोलक-ऑक्टापॅड ठोकायचे आणि कॅसेट काढायची, रिक्षा-एसटी-पानटपरी सगळीकडे तेच, आणि आजही स्ट्रीमिंगवर सर्च केलं की ते मूळ गाण्याच्या शेजारीच बसलेलं असतं. झंकार हे खरं तर रिमिक्सही नाही, कारण मल्टिट्रॅकला हातच लावलेला नाही, तयार गाण्यावर थर दिलाय. पण ते नाव लावून विकलं जायचं, त्यामुळे नको असेल त्याला टाळता यायचं. सिनेमात एक कडवं जास्त आणि ७८ च्या तबकडीवर कमी, कारण एका बाजूला साडेतीन मिनिटांच्या आसपासच मावायचं, हेही आपल्या लोकांना माहीत आहे, तेव्हा सिंगल एडिट ही कल्पना आपल्याला नवीन नाही. परदेशी पॉपमध्येही तीच अडचण होती, सात इंची तबकडीवर गाणं लांबलं की खाचा जवळ जवळ येतात आणि आवाजाची पातळी खाली न्यावी लागते, रेडिओवर शेजारच्या गाण्यापुढे ते बारीक वाटतं.

आता घरी बसून कसं तपासायचं. एकाच गाण्याच्या दोन फाइल्स घ्या, ऑडॅसिटी हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं त्यात दोन्ही वर-खाली टाका, झूम करून पहिला ठोका अगदी सँपलवर जुळवा, मग एकीची फेज उलटी करा आणि दोन्ही एकत्र वाजवा. दोन्ही एकच असतील तर शांतता. मास्टरिंग वेगळं असेल तर बारीक चरचर किंवा दबका बेस उरतो पण गाणं जवळपास गायब होतं. मिक्स वेगळं असेल तर काहीच गायब होत नाही, उलट दोन गाणी एकावर एक वाजतात. एक लक्षात ठेवा, दोन वेगळ्या टेप मशीनवरून घेतलेल्या असतील तर स्पीड किंचित वेगळा असतो, मग सुरुवातीला गायब होतं आणि नंतर विमान गेल्यासारखा सूं सूं आवाज यायला लागतो, ते रिमिक्स समजू नका. एवढी खटपट नको असेल तर फक्त तीन गोष्टी ऐका: स्नेअर, आवाजामागचा रिव्हर्ब, आणि फेडआउट कुठल्या ओळीवर होतो. त्यात बहुतेक सगळं कळतं.

स्ट्रीमिंगवर आणखी एक फसगत आहे. अ‍ॅपल म्युझिकवर २०२१ पासून अ‍ॅटमॉस आलं, आणि सेटिंगमध्ये ते 'ऑटोमॅटिक' असेल तर त्यांच्या हेडफोनवर गाण्याचं अ‍ॅटमॉस मिक्स आपोआप लागतं. म्हणजे तुम्ही १९८५ चं गाणं लावलंय आणि ऐकताय मात्र अलीकडे कोणीतरी परत केलेलं मिक्स. ते बंद करा आणि मग तुलना करा. क्रेडिट्समध्ये रिमिक्सरचं नाव आलंय का बघा, रिमिक्सला वेगळा आयएसआरसी कोड (प्रत्येक रेकॉर्डिंगचा ओळख क्रमांक) असायला हवा, पण कंपन्यांच्या डेटात इतकी सरमिसळ असते की शेवटी लांबी आणि कान यांच्यावरच भरवसा ठेवावा लागतो.

तुमच्या मूळ प्रश्नाला सरळ उत्तर: मॅडोनाच्या बाबतीत एकच डिस्क घेऊन काम भागणार नाही. २००९ च्या 'सेलिब्रेशन'च्या दोन सीडींच्या आवृत्तीवर 'इनटू द ग्रूव्ह' मूळ रूपात आहे, 'लाइक अ प्रेयर' अल्बमचं आहे, 'हॉलिडे' पूर्ण सहा मिनिटांचं आहे, त्यामुळे सुरुवात तिथून करा. 'इनटू द ग्रूव्ह'चा इतिहास मुळातच आडवळणाचा आहे, अमेरिकेत ते 'एंजल'च्या बारा इंचीच्या मागच्या बाजूला आलं होतं आणि तिथल्या अल्बमवर नव्हतंच, युरोपात मात्र १९८५ ला 'लाइक अ व्हर्जिन' परत काढला तेव्हा त्यात घातलं, म्हणून जुनी युरोपियन प्रत मिळाली तर सोडू नका. 'पापा डोन्ट प्रीच', 'ओपन युवर हार्ट', 'लिव्ह टू टेल', 'ला इस्ला बोनिटा' या चौघांसाठी सरळ १९८६ चा 'ट्रू ब्लू' घ्या, कात्री आणि क्यूसाउंड दोन्ही टळतात. 'क्रेझी फॉर यू'साठी 'व्हिजन क्वेस्ट'चा साउंडट्रॅक. आणि 'इमॅक्युलेट कलेक्शन' फेकू नका, तो त्याच्या जागी फार सुंदर अल्बम आहे, फक्त दोन स्पीकर सारख्या अंतरावर ठेवून मधोमध बसून एकदा ऐका, तो त्यासाठीच केलाय.

मॅडोना झाल्यावर पुढे वळायचं असेल तर पेट शॉप बॉइजचा १९९१ चा 'डिस्कोग्राफी' घ्या, तो सिंगल व्हर्जन्स जपून केलेला संग्रह आहे, 'सबर्बिया'चं अल्बमपेक्षा वेगळं केलेलं सिंगल व्हर्जन तिथे मिळतं. आणि 'अ‍ॅबा गोल्ड' घेणार असाल तर १९९२ ची पहिली आवृत्ती की नंतरची ते बघून घ्या, पहिलीत 'द नेम ऑफ द गेम' जवळपास एक मिनिटाने कापलेलं आहे, चार मिनिटांच्या आत संपलं तर ती जुनी.